सात महिने ब्रेलर वापरल्यावर: तिसरं टिंब आणि तपासणी फी

लेक आठ वर्षांची, तिसरीत आहे. जन्मापासून दिसत नाही. तिच्यासाठी ब्रेलर, म्हणजे ब्रेल लिपीचा टाईपरायटर, कोरा घेतला, हप्त्यावर. किंमत लिहीत नाही, घरातही अजून खरी सांगितलेली नाही.

ब्रेलचं अक्षर सहा टिंबांतून बनतं. एका टिंबाला एक अशा सहा कळा, मध्ये स्पेस. मला बोलायचंय ते तिसऱ्या टिंबाबद्दल. ह्या सहांतली सगळ्यात डावीकडची कळ, करंगळीशेजारच्या बोटाची. चौथ्या महिन्यात हे टिंब पुसट यायला लागलं. ब्रेलमध्ये एक टिंब गेलं की अक्षर बिघडत नाही, दुसरंच होऊन बसतं. क म्हणजे १ आणि ३. तीन गेलं की उरला अ. तसाच म चा च, ल चा ब. पोरीनं आजीचं नाव लिहिलं ‘कमल’, बोट फिरवून वाचलं तर ‘अचब’. दोघी पोट धरून हसल्या. मला कुठलं हसू, हप्ते चालू होते.

कंपनीला फोन केला, तर ‘पुण्याला पाठवा’. पार्सलचा खर्च माझा. पाच आठवड्यांनी यंत्र परत आलं, सोबत चिठ्ठी: ‘यंत्र व्यवस्थित, विद्यार्थिनीच्या बोटात जोर कमी.’ वर साडेसहाशे रुपये तपासणी फी. खालच्या स्क्रूवरचं स्टिकर मात्र फाटलेलंसुद्धा नव्हतं!

ते पाच आठवडे ब्रेलची पाटी आणि कलम, म्हणजे कागद अडकवायची चौकट आणि टोचा. ती कटकट नको म्हणून तर यंत्र घेतलं होतं. पाटीवर उजवीकडून डावीकडे, अक्षर उलटं टोचायचं, मग कागद काढून पालथा करून वाचायचं. ब्रेलरवर टिंब लगेच वर उठतं, जागच्या जागी वाचता येतं, चूक तिथंच सापडते. (मी स्वतः शिकताना ‘मिरज’ला अडलो. भारती ब्रेलमध्ये, म्हणजे आपल्या भाषांच्या ब्रेलमध्ये, वेलांटी म च्या नंतर येते, हात सवयीनं आधी द्यायला जातो. पोरीला ही अडचणच नाही.) फिरत्या विशेष शिक्षिका पहिल्यापासून सांगत होत्या, पाटी सोडू नका. मी ऐकलं नाही. टोचून टोचून तिच्या हाताला असा जोर आला की मला वाटलं, कंपनीचंच खरं असेल.

यंत्र आल्यावर मीच ढ दाबला, सहाच्या सहा टिंबं. पोती उचलणारा हात माझा, तरी कागदावर साडेपाच!

शेवटी सांगलीच्या खणभागातल्या शिलाई मशीनच्या मिस्त्रीकडे नेलं. त्यांनी तळ खोलला आणि म्हणाले, “दादा, लोणचं घातलंय काय ह्यात?” आत पिवळा राडा. माझं दुकान मार्केट यार्डात, हळदीचं. पोरगी शाळेतून तिथंच येते, म्हणून यंत्रही तिथंच, उघडं. कळ जड वाटली म्हणून मीच वरून तेल सोडलं होतं. धूळ आणि तेल, झाला लगदा. दीडशे रुपयांत टिंब मोहरीच्या दाण्यासारखं उठलं.

म्हणजे यंत्राला दिलेल्या शिव्या मागे. पाचपैकी चार तारे. एक कापला वजनासाठी, पोरीला उचलत नाही. जाड कागद महाग, म्हणून रोजच्या सरावाला जुन्या कॅलेंडरची पानं कापतो. गुळगुळीत असल्यानं टिंबं दोन दिवसांत बसतात, जपून ठेवायच्या वहीला ती चालत नाहीत. आणि यंत्र आता घरी असतं, आजीच्या जुन्या लुगड्यात.

तपासणी फी मात्र सोडलेली नाही. तिसरं पत्र परवाच टाकलं. पोरीनंच टाईप केलंय, ब्रेलमध्ये. वाचा म्हणावं.