नागपूरच्या उन्हाळ्यात वॉटर कूलर: आर्क्टिक लिक्विड फ्रीझर 3 आणि पॉवर लिमिटचा मेळ

आर्क्टिक कंपनीचा लिक्विड फ्रीझर 3 हा कॉम्प्युटरच्या सीपीयूला (मुख्य प्रोसेसरला) पाण्यानं थंड ठेवणारा कूलर उत्तम आहे, हे आधीच सांगते. पण तो बसवून बायोस (मदरबोर्डची मूळ सेटिंग्ज) जसाच्या तसा सोडून दिला, तर आपल्या नागपूरच्या मे महिन्यात त्यावर घातलेले निम्मे पैसे वाया जातील. म्हणून कूलरसोबत मदरबोर्डबद्दलही लिहिते आहे. त्याशिवाय हा परीक्षणाचा विषय पुराच होत नाही.

मी घरांच्या आणि दुकानांच्या अंतर्गत सजावटीचे थ्रीडी व्ह्यू करते. थ्रीडी मॉडेलचं चित्र तयार करणाऱ्या (रेंडर करणाऱ्या) कोरोना रेंडरर या सॉफ्टवेअरमध्ये काम चालतं आणि त्यात सगळा भार सीपीयूवर येतो. गेम खेळणाऱ्याचा सीपीयू अधूनमधून श्वास घेतो, माझा रात्री अकराला शंभर टक्क्यांवर जातो तो सकाळपर्यंत तिथेच असतो. मशीनमध्ये इंटेलचा कोअर आय7 13700के, झेड790 मदरबोर्ड आणि 850 वॅटचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) आहे. खोली वरच्या मजल्यावर, दिवसभर तापलेल्या स्लॅबखाली. याच शहरात 2013 च्या मे महिन्यात पारा 47.9 अंशांवर गेला होता. दिल्ली-बंगळुरूच्या एसी स्टुडिओत बसून केलेल्या चाचण्यांचे आकडे इथे तसेच्या तसे लागू होत नाहीत.

सीताबर्डीवरच्या ज्या दुकानातून मी मशीन जुळवून घेते, तिथल्या भाऊंनी मी 360चा (360 मिलिमीटरच्या रेडिएटरचा, म्हणजे पाणी थंड करणाऱ्या जाळीचा) वॉटर कूलर मागितल्यावर पहिला प्रश्न विचारला तो असा: "ताई, पाणी तं सीपीयूला पाहून घेते. बाजूच्या व्हीआरएमला कोण पाहून राहिलं?" या एका प्रश्नासाठी मी त्या माणसाकडे पुन्हापुन्हा जाते.

व्हीआरएम म्हणजे सॉकेटच्या (सीपीयू बसतो त्या खाचेच्या) डाव्या-वरच्या बाजूला धातूच्या हीटसिंकखाली दडलेली मॉसफेट, चोक आणि कपॅसिटरची रांग. एसएमपीएस आठ पिनांच्या केबलमधून 12 व्होल्ट देतो. सीपीयूला हवे असतात साधारण सव्वा व्होल्ट. हे उतरवण्याचं काम व्हीआरएम करतं. आता हिशेब बघा. 13700केची कमाल टर्बो मर्यादा 253 वॅट आहे. सव्वा व्होल्टला 253 वॅट म्हणजे जवळपास 200 अँपिअर. एवढा प्रवाह त्या छोट्याशा पट्टीतून जातो आणि कार्यक्षमता नव्वद टक्के धरली, तरी पंचवीस-अठ्ठावीस वॅट उष्णता तिथल्या तिथेच तयार होते.

जुन्या, नुसत्या हवेवर चालणाऱ्या टॉवर कूलरचा पंखा सीपीयूवर फिरताना आजूबाजूलाही थोडी हवा ढकलत असतो, त्यात व्हीआरएमचं भागून जातं. वॉटर कूलर लावला की सीपीयूवर पंपाचा ठोकळा बसतो आणि पंखे वर कॅबिनेटच्या छताला रेडिएटरवर जातात. सॉकेटभोवतीची हवा थबकते. सीपीयूचं तापमान छान दिसतं, आपण खूश होतो आणि तिकडे व्हीआरएम भाजत असतं. फार तापलं की बोर्ड स्वतःच सीपीयूचा वेग पाडतो. मग आपण म्हणतो, एवढा महागडा कूलर लावून रेंडरला वेळ का लागतोय?

लिक्विड फ्रीझर 3 निवडला तो यासाठीच. त्याच्या पंपाच्या डोक्यावर व्हीआरएमसाठी वेगळा छोटा पंखा आहे. बाकी बहुतेक कंपन्या त्या जागी दिवे नाहीतर एलसीडी पडदा देतात. पडद्यावर सीपीयूचं तापमान दिसतं, त्यानं तापमान कमी होत नाही.

हा पंखा खरंच काही करतो की जाहिरातीपुरता आहे, हे मला बघायचंच होतं. कूलरसोबत दोन प्रकारच्या केबल येतात. एकीत पंप आणि सगळे पंखे एकाच जोडणीवर चालतात, दुसरीत पंप, रेडिएटरचे पंखे आणि व्हीआरएमचा पंखा असे तीन फाटे फुटतात. मी दुसरी लावली. मे महिन्यात रेंडर चालू असताना एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये 'व्हीआर मॉस' ही व्हीआरएमच्या तापमानाची ओळ उघडी ठेवली आणि त्या छोट्या पंख्याचा फाटा मदरबोर्डवरून काढला. आकडा लगेच उडी मारत नाही, हीटसिंकला तापायला वेळ लागतो. पण तो अंशाअंशानं वर सरकत राहिला, 76 वरून 80, 85 आणि अखेर 93 वर जाऊन थांबला. या सगळ्या वेळात सीपीयूच्या तापमानात काही फरक नव्हता. नुसतं सीपीयूचं तापमान बघणाऱ्याला यातलं काहीच कळलं नसतं. फाटा परत जोडला, आकडा हळूहळू उतरला. कपॅसिटरचं आयुष्य उष्णतेनं झपाट्यानं घटतं, म्हणून ही सतरा अंशांची तफावत मला किरकोळ वाटत नाही.

आता बायोस. हा भाग मन लावून वाचा, कारण इथे भल्याभल्यांची मशीनं फसतात. काही मदरबोर्ड पहिल्यांदा चालू करताना विचारतात, कोणता कूलर लावलाय? बॉक्स कूलर, टॉवर कूलर की वॉटर कूलर? आपण सरळ मनानं 'वॉटर कूलर' निवडतो. त्या एका निवडीनं पॉवर लिमिट, म्हणजे सीपीयूनं किती वीज ओढायची त्याची मर्यादा, 4096 वॅट होते. घरातला दोन टनी एसीसुद्धा एवढी वीज खात नाही! अर्थ एवढाच की बोर्डानं मर्यादाच काढून टाकली, सीपीयूला ओढवेल तेवढं ओढू दे. तुमचा रेडिएटर 240चा आहे की 360चा, खोलीत 22 अंश आहेत की 42, हे बोर्डाला ठाऊकही नसतं. माझ्या एका मैत्रिणीचं मशीन शहरातल्या एका दुकानातून असंच जुळवून आलं होतं. रात्री रेंडर लावलं की सीपीयू 100 अंशांना टेकायचा आणि दुकानदार तिला कूलर बदलायला सांगत होता. कूलरमध्ये काहीही बिघाड नव्हता.

साधी गोष्ट आहे. रेडिएटर पाण्याला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. आपला डेझर्ट कूलर करू शकतो, कारण त्यात पाणी बाष्प होऊन उडतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. इथे पाणी बंद नळीत फिरतं, त्यामुळे सीपीयूचं तापमान कायम 'खोली अधिक काहीतरी' असंच राहणार. माझ्याकडे 253 वॅटला ते 'काहीतरी' साठच्या आसपास येतं. जानेवारीत खोली 22 असते तेव्हा 82, सुरेख. मे महिन्यात खोली चाळिशीत गेली की थेट 100, आणि याच आकड्याला 13700के स्वतःला आवरायला लागतो. म्हणून मी बायोसमध्ये दोन प्रोफाइल जतन केल्या आहेत. थंडीत आणि पावसाळ्यात 253 वॅट, उन्हाळ्यात दोन्ही मर्यादा, पीएल1 (सततची) आणि पीएल2 (थोड्या वेळाची), 180 वॅटवर. वीज जवळपास तीस टक्क्यांनी कमी झाली, पण रेंडरचा वेळ दहा टक्केसुद्धा वाढला नाही, कारण शेवटचे काही मेगाहर्ट्झ मिळवायला सीपीयू अवाच्या सवा वीज खातो. सीपीयू आता 80 ते 83 वर असतो आणि व्हीआरएम सत्तरच्या खाली. प्रवाह थोडा उतरला तरी व्हीआरएमची उष्णता त्याहून जास्त उतरते, कारण तिथला बराचसा तोटा प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो.

इंटेलची तेरावी किंवा चौदावी पिढी असेल, तर आणखी एक काम आजच करा, बायोस अद्ययावत करा. जास्तीच्या व्होल्टेजमुळे या सीपीयूंची कायमची झीज होत होती, त्यावर इंटेलनं 2024 मध्ये 0x129 आणि मग 0x12बी हे मायक्रोकोड (बायोसमधून मिळणारे सीपीयूच्या आतल्या सूचनांचे सुधार) दिले. झालेली झीज त्यानं भरून येत नाही, पुढची टळते. ही झीज कूलर कितीही भारी असला तरी थांबत नाही. लोड-लाइन कॅलिब्रेशनही (भार वाढल्यावर व्होल्टेज किती घसरू द्यायचं ते ठरवणारी बायोसमधली सेटिंग) उगाच वरच्या पायरीवर नेऊ नका. तिथे भार अचानक सुटला की व्होल्टेज क्षणभर उसळतं.

चाचणी घेताना दहा मिनिटांत निकाल काढू नका. पाणी तापायला वेळ घेतं. सुरुवातीला सगळं झकास दिसतं, खरा आकडा अर्ध्या तासानंतर कळतो.

बसवण्याबद्दल थोडं. रेडिएटर 38 मिलिमीटर जाड आहे, नेहमीचे 27च्या आसपास असतात. पंखे धरून 63 मिलिमीटर जागा हवी, म्हणून कॅबिनेटच्या छतापासून मदरबोर्डच्या हीटसिंकपर्यंत आधी पट्टीनं मोजा. 13700के बसतो त्या एलजीए 1700 सॉकेटवर बोर्डाची मूळ पकड काढून सोबत आलेली चौकट लावावी लागते. स्क्रू तिरपे-समोरासमोर, थोडेथोडे आवळायचे. पहिल्यांदा करणाऱ्यानं हे काम जाणत्याकडून करून घ्यावं. सीपीयू आणि कूलरच्या मध्ये लावायची एमएक्स-6 पेस्ट खोक्यातच आहे. यूएसबीची केबल नाही, सॉफ्टवेअर नाही, मला हे फार आवडलं. वॉरंटी सहा वर्षांची आहे.

आणि नागपूरकरांनो, डेझर्ट कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर सोडू नका. खोली थंड करायला तो हवाच, माझ्याकडे त्यानं आठ-दहा अंश सहज उतरतात आणि ते सगळे सीपीयूच्या आकड्यातूनही उतरतात. पण बोअरच्या पाण्याचे तुषार आणि कूलरच्या ताट्यांचा भुगा थेट आत गेला, तर रेडिएटरच्या पात्यांत पांढरट थर बसतो. खिडकीतला कूलर एका बाजूला, कॅबिनेट दुसऱ्या बाजूला आणि समोरची खिडकी उघडी, एवढं पुरे. दमट हवेत रेडिएटरवर पाणी सुटेल का, असं बरेच जण विचारतात. नाही सुटणार, कारण तो कधीच खोलीपेक्षा थंड होत नाही.

एसएमपीएस घेताना त्याची क्षमता किती अंशांना मोजलीय ते बघा. चांगले 50 अंशांना मोजलेले असतात, स्वस्तातले 40 किंवा त्याहून कमी. आपल्याकडे 40 म्हणजे खोलीचंच तापमान झालं.

फक्त ऑफिसचं काम आणि ब्राउझिंग असेल, किंवा 65 वॅटचा सीपीयू असेल, तर हा कूलर घेऊ नका, चांगला टॉवर कूलर पुरेसा आहे आणि त्याची हवा व्हीआरएमलाही मिळते. तासन्‌तास पूर्ण भारावर मशीन चालवणाऱ्यांनी मात्र जरूर घ्यावा. विकत घेतानाच दुकानदाराला सांगा की पीएल1, पीएल2 माझ्यासमोर लावून द्या आणि व्हीआरएमचं तापमान अर्धा तास भार देऊन दाखवा. जो दाखवेल त्याच्याकडूनच मशीन जुळवून घ्या.