गॅस गीझर आणि एसी दोन्ही एकाच मिस्त्रीकडून बसवून घेतले (फोंडा, गोवा), अनुभव लांब आहे पण वाचा

पहिल्याच भेटीत मिस्त्री बाथरूममध्ये डोकावले आणि "वयनी, हांगा गॅस गिझर लावचो न्हय" (वहिनी, इथे गॅस गीझर लावायचा नाही) असं तोंडावर सांगून ३०० रुपये व्हिजिट चार्ज घेऊन निघून गेले, तेव्हा मला रागच आला होता. आज तीन महिने वापरून झाल्यावर लिहितेय, पाच स्टार मुख्यतः त्या "न्हय"साठीच आहेत.

आमचं घर म्हार्दोळजवळ. पुढचा भाग जुना, चिऱ्यांच्या (जांभ्या दगडाच्या) भिंती आणि वर मंगळुरी कौलं, मागे पाच वर्षांपूर्वी स्लॅब टाकून एक बेडरूम आणि त्याला लागून बाथरूम काढलं ते सासऱ्यांसाठी. सासरे ८१ वर्षांचे, दम्याचा त्रास, एप्रिल-मेचा उकाडा त्यांना अजिबात सोसत नाही आणि आंघोळीला पाणी मात्र बारा महिने कढत लागतं, पावसात लाइट कधी जाईल त्याचा नेम नाही म्हणून गीझर गॅसचा आणि खोलीला दीड टनाचा एसी असं आम्ही ठरवलं. दोन कामांना दोन माणसं आणायची नव्हती कारण मग पाइप एकाचा, वायर दुसऱ्याची आणि काही झालं की दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात.

माझा भाऊ नॉर्थ कॅरोलिनात असतो, गेल्या डिसेंबरात मी तिकडे होते तेव्हा त्यांच्या घराची मशीन बदलत होते, तिकडे त्याला गॅस पॅक म्हणतात. घराच्या मागे सिमेंटच्या लादीवर एकच मोठा पत्र्याचा डबा, थंडीत गॅस जाळून घर गरम करतो आणि उन्हाळ्यात विजेवर थंड करतो, हवा त्याच डक्टमधून. मला फार आवडलं होतं. पण भावाने सांगितलं की त्या डब्यात जळालेल्या गॅसचा धूर आणि आपण श्वास घेतो ती हवा यांच्यामध्ये फक्त लोखंडी पत्र्याची भिंत असते, त्याला हीट एक्स्चेंजर म्हणतात, त्याला भेग गेली की धूर डक्टमधून सरळ बेडरूममध्ये येऊ शकतो, म्हणून दरवर्षी तपासायचं आणि झोपायच्या खोल्यांजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावायचा. बसवणाऱ्याने आधी बाहेरचा मेन स्विच काढून कुलूप घातलं, मग गॅसच्या प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावलं, मीटर लावून गॅसचं प्रेशर मोजलं, आणि पहिल्यांदा हीटिंग चालू करताना सगळ्या खिडक्या उघडायला लावल्या कारण नव्या लोखंडावरचं तेल जळून वास येतो. अर्धा दिवस त्याचं तपासण्यातच गेला. आपल्याकडे खोली गरम करायची वेळ कुणावर येत नाही, पण गॅस पेटवायचा, वीज वापरायची आणि माणसं बंद खोलीत झोपायची हे तिन्ही आपल्याकडेही आहेच की, आणि तसं तपासणारा माणूस मला इथे हवा होता.

हवा होता त्याला अजून एक कारण आहे. तीन वर्षांपूर्वी माझ्या नणंदेकडे दुसऱ्याच एका माणसाने गॅस गीझर थेट बाथरूममध्ये बसवला होता, नाव लिहीत नाही. पोरगा तेरा वर्षांचा, आंघोळीला गेला आणि वीस मिनिटं बाहेर आला नाही, नशीब की कडी साधी होती, आत पडलेला होता. हॉस्पिटलात नेईपर्यंत घरचे म्हणत होते काही नाही, उपाशीपोटी चक्कर आली असेल, कारण बोटाला लावायचा ऑक्सिमीटर ९८ दाखवत होता. डॉक्टरांनी मग समजावलं की गीझरच्या धुराच्या या विषबाधेत तो ऑक्सिमीटर फसतो, रक्तातल्या हिमोग्लोबिनला कार्बन मोनॉक्साइड ऑक्सिजनपेक्षा २०० पटीहून जास्त घट्ट धरतो आणि त्या साध्या यंत्राला दोघांतला फरक कळत नाही. मास्क लावून ऑक्सिजन दिला, पोरगा वाचला, चांगला आहे. पण त्या दिवसापासून गॅस गीझर म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो.

तरी मी बाथरूममध्येच लावा म्हणत होते, हे खरंय. मला वाटलं खिडकी आहे ना. दोन दिवसांनी मीच परत फोन केला तर मिस्त्री टेप घेऊन आले आणि बाथरूम मोजलं, ५ बाय ७ फूट, उंची ९, म्हणजे पुरते ९ घनमीटरही नाही. आणि एक किलो गॅस नीट जळायला साधारण १२ घनमीटर हवा लागते. म्हणजे दार बंद करून दोघंतिघं एकामागून एक न्हायले तर आतली हवा किती राहिली याचा हिशोब आपणच करावा. हवा कमी पडली की ज्योत अर्धवट जळते आणि तिथे तो कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत, नुसतं डोकं जड होतं आणि माणसाला वाटतं गरम पाण्याने सुस्ती आली.

सासरे तिथेच बसले होते, ते म्हणाले आमच्या न्हाणीत तर चूल पेटलेली असायची, वर तांब्याचं भाण, आणि आम्ही तिथेच न्हायचो, कोण मेलं नाही. याचं उत्तर मिस्त्रींनी इतकं छान दिलं की मला ते कायम लक्षात राहील. म्हणाले, बाबा, त्या न्हाणीला वर कौलं होती, दार फळ्यांचं होतं, फटीफटीतून धूर जायचा आणि फटीफटीतून वारा यायचा, आता तुम्ही खालपासून वरपर्यंत टाइल लावलीत, अॅल्युमिनियमची स्लायडिंग खिडकी लावलीत आणि दाराला खाली रबर लावलंत. मग एक्झॉस्ट फॅनचं विचारलं तर म्हणाले तो आतली हवा बाहेर ओढतो पण बाहेरून आत यायला वाटच ठेवलेली नसेल तर उलट गीझरचाच धूर खाली खेचून घेतो. आणि शेजारच्या खोलीत एसी लागणार, म्हणजे ती खोलीही रात्रभर बंद, दाराच्या फटीतून जे येईल ते तिथेच फिरत राहणार कारण स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा घेत नाही, आतलीच थंड करून देतो. हे मला माहीत नव्हतं.

शेवटी गीझर बाहेर, मागच्या पडवीत, दोन बाजू पूर्ण उघड्या आहेत तिथल्या भिंतीवर लावला आणि फक्त गरम पाण्याचा पाइप आत घेतला, सात-आठ फूट आहे, पहिलं पाणी थंड येतं एवढाच तोटा. तिरका पाऊस आणि वारा लागू नये म्हणून वर आणि पश्चिमेच्या अंगाला पत्रा मारला पण चारी बाजूंनी पेटी मात्र करू दिली नाही, मी म्हणत होते की पेटीच करा, दिसायला बरं, तर म्हणाले मग परत तेच बाथरूम झालं.

सिलिंडरची जागा मी आधी मोरीच्या पाइपाशेजारी ठरवली होती. तिथूनही हलवला. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर वर उडून जात नाही, जमिनीवरून पाण्यासारखा सरकतो आणि खड्डा, गटार, मोरी दिसली की त्यात उतरून बसतो. उत्तर गोव्यात काही भागांत पाइपने येतो तो गॅस वेगळा, तो हलका, वर जातो, आणि हो, त्या गॅसचा गीझर आणि सिलिंडरचा गीझर एकमेकांना चालत नाहीत, जेट (गॅस बाहेर पडायची बारीक तोंडं) बदलावे लागतात, सेकंडहँड घेताना हे बघा. (भावाच्या मशीनलाही लाइनच्या गॅसवरून प्रोपेनवर जायचं तर वेगळं किट लागतं म्हणाला होता.) नळी नारिंगी सुरक्षा होज, दीड मीटरचीच, त्यावरची तारीख मला वाचायला लावली, पाच वर्षांनी बदलायची. चुलीच्या नळीला टी (फाटा) मारून गीझर चालवायला स्पष्ट नकार, स्वतंत्र सिलिंडर आणि स्वतंत्र रेग्युलेटर.

आता एसी. बाहेरचं युनिट मला त्याच मागच्या भिंतीवर, सिलिंडरच्या वर हवं होतं कारण तांब्याचा पाइप कमी लागतो आणि जादा पाइपला हे मीटरला ९०० रुपये लावतात. याही गोष्टीला नाही म्हणाले. युनिट चालू-बंद होताना आत ठिणगी पडू शकते आणि खाली गॅसचा सिलिंडर, हे एका भिंतीवर नको. उलट बाजूनेही धोका आहे, हल्लीच्या बऱ्याच एसीत आर-३२ गॅस असतो तो स्वतःही थोडा पेट घेणारा आहे आणि उघड्या ज्योतीत गेला की त्याचा विषारी, आम्लासारखा वायू होतो. म्हणून युनिट पूर्वेच्या भिंतीला गेलं, सिलिंडरपासून बारा-तेरा फूट लांब, आणि अडीच मीटर पाइप जादा लागला तो मी दिला.

भिंत चिऱ्याची. हे गोव्यातल्या लोकांनी खास वाचा. सिमेंटच्या भिंतीला मारतात ते अँकर चिऱ्यात मारले तर पहिल्या दिवशी घट्ट वाटतात, पण चिरा पोकळ, भुसभुशीत, आणि युनिट रोज थरथरतं, तर दोन पावसाळ्यांत भोक मोठं होतं. यांनी भिंतीवर टांगलंच नाही, खाली दीड फूट उंच कट्टा बांधून त्यावर रबर घालून बसवलं, पावसाचं उडालेलं पाणीही लागत नाही. पाइपाचं भोक बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं मारलं म्हणजे भिंतीतून पाणी आत येत नाही.

पाइप जोडल्यावर आतली हवा काढायला व्हॅक्यूम पंप लावून जवळजवळ अर्धा तास चालवला आणि मग पंप बंद करून काटा हलतो का ते दहा मिनिटं बघत बसले. आमच्या जुन्या एसीच्या वेळी आलेल्या माणसाने थोडा गॅस सोडून त्याच्या जोरावर हवा बाहेर काढली होती आणि पाच मिनिटांत मोकळा झाला होता, तो एसी दोन वर्षांत बसला. आर-३२ असेल तर असं करणं म्हणजे पेटणारा गॅस अंगणात सोडणं. तुमच्याकडे येणाऱ्याच्या गाडीत पंप नसेल तर त्याला परत पाठवा, खरंच सांगते.

वायरिंगला मीटरच्या बोर्डापासून वेगळी ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, २० अँपिअरचा एमसीबी (जादा लोड आला की पडणारा स्विच), आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) लावला, त्याचं टेस्ट बटण मला स्वतःला दाबायला लावलं आणि दर महिन्याला दाबा म्हणाले. अर्थिंग मोजलं तेव्हा बरोबर येईना. एप्रिलचा महिना, तांबडी माती दगडासारखी वाळलेली, अशा जमिनीत अर्थिंग कमजोर पडतं. जुना खड्डा उघडून दुरुस्त केला, पाणी ओतायला तोंड ठेवलं. हे ठरलेल्या कामात नव्हतं, त्याचे १,२०० वेगळे झाले पण घरभराचं अर्थिंग सुधारलं, ओल्या हाताने गीझरचा नळ धरणाऱ्या म्हाताऱ्या माणसासाठी ते आधीच व्हायला हवं होतं.

शेवटी गॅसच्या प्रत्येक जोडाला साबणाचा फेस लावला, काडी पेटवून बघणारे लोक मी पाहिलेत म्हणून हे लिहितेय. एका जोडाला बारीक बुडबुडे आले, जोड उघडून वॉशर बदलला आणि परत फेस लावला. ज्योत निळी आहे की पिवळी ते मला दाखवलं, पिवळी दिसली तर वापर बंद करून फोन करायचा. गॅसचा वास आला तर कुठलंही बटण चालू-बंद न करता रेग्युलेटर बंद, दारं उघडी, आणि बाहेर जाऊन १९०६ वर फोन, हा नंबर त्यांनी स्वतः मार्करने पडवीच्या भिंतीवर लिहिला.

तक्रारीही आहेत. सांगितलेल्या दिवसानंतर दोन दिवसांनी आले आणि फोन उचलत नव्हते, सासरे त्या उकाड्यात वाट बघत बसले याचं मला वाईट वाटलं. चिऱ्याची लाल धूळ सगळ्या खोलीत झाली, आधी चादर घाला म्हणून सांगायला हवं होतं. बिल मागून मागून आठवड्याने मिळालं, एसीच्या वॉरंटीला ते लागतं तेव्हा आधीच मागा. आणि अलार्म यांच्याकडे मिळत नाहीत, मी ऑनलाइन मागवले. अलार्म दोन वेगळे असतात हे लक्षात ठेवा, एलपीजी गळतीचा जमिनीलगत लावायचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा झोपायच्या खोलीत बिछान्याच्या उंचीला, एकाने दुसऱ्याचं काम होत नाही. मिस्त्री म्हणाले गीझर बाहेर आहे तर कार्बन मोनॉक्साइडवाल्याची गरज नाही, मी तरी लावला, नणंदेच्या पोराला मी पाहिलंय.

जूनमध्ये पहिला मोठा पाऊस आला तेव्हा दोन वेळा वाऱ्याने ज्योत विझली, गीझरने गॅस आपोआप बंद केला, फोन केल्यावर येऊन पत्रा सहा इंच पुढे वाढवून गेले, पैसे घेतले नाहीत. त्यानंतर नाही विझली. एकूण फिटिंग, वायरिंग, जादा पाइप, कट्टा, अर्थिंग सगळं धरून मशीन सोडून ११,४०० गेले. चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आधीचे पंधरा दिवस यांना फोन करू नका, सगळं फोंडा तेव्हाच घर नीट करायला काढतं आणि हे सापडत नाहीत, चवथ झाल्यावर करा.