बर्किन घ्यावा की पिंक प्रिन्सेस?

दोन्ही फिलोडेंड्रॉनच, म्हणजे घरात कुंडीत लावायची शोभेची झाडं, पण स्वभाव एकदम वेगळा. बर्किन म्हणजे रोजो काँगो या दुसऱ्या फिलोडेंड्रॉनमध्ये आपोआप झालेल्या बदलातून आलेलं झाड, गडद हिरव्या पानावर बारीक क्रीम रेघा, वेलासारखं चढत नाही त्यामुळे आधार लागत नाही, फक्त कधीकधी मधेच लालसर बिनरेघांचं पान काढतं. पिंक प्रिन्सेस मात्र वेल, मॉस स्टिक (शेवाळ लावलेली आधाराची काठी) द्याच, आणि गुलाबी रंग प्रत्येक पानावर वेगळा पडतो, तेच तर तिचं सौंदर्य! पण पूर्ण गुलाबी पानात हरितद्रव्य नसतं, ते झाडाला पोसत नाही, लवकर करपतं, मग गुलाबी-हिरवं मिक्स पान असलेल्या पेरापर्यंत छाटायचं. पहिल्यांदाच घेताय तर माझं मत बर्किनलाच.