फेस आला म्हणजे जिवाणू जिवंत?

आमचा दादा सातारा जिल्ह्यात ऊस करतो. मुंबईला आला होता, तेव्हा दादरच्या एका हॉलमधल्या 'सेंद्रिय' प्रदर्शनात जिवाणूंचं जैविक खत बाटलीतून विकणाऱ्या एकाने त्याला गाठलं. "काका, युरिया विसरा आता. हे जिवाणू उसाच्या आत राहतात आणि हवेतला नत्र (नायट्रोजन) थेट झाडाला देतात."

गंमत म्हणजे यातलं दुसरं वाक्य खरं आहे. उसाच्या आत राहून नत्र देणारा ॲसिटोबॅक्टर नावाचा जिवाणू १९८८ साली ब्राझीलमध्ये नोंदवला गेला. आपली कृषी विद्यापीठंही सांगतात, लागणीआधी टिपऱ्या, म्हणजे लावायचे उसाचे तुकडे, अर्धा तास त्याच्या द्रावणात बुडवा. पण त्याने युरिया कमी लागतो, बंद होत नाही. थाप इथून सुरू.

मग प्रयोग. पठ्ठ्याने कुंडीतल्या मातीवर झाकणभर औषध ओतलं. फस्सकन पांढरा फेस! "बघा, जिवंत आहेत!" लोकांनी मोबाइल काढले. दादाने बाराशे रुपये लिटरने पाच बाटल्या घेतल्या. बिल मागितलं तर म्हणे, "जीएसटी लागेल, कशाला उगाच?"

माझी मुलगी मायक्रोबायोलॉजी शिकते. तिला फेसाचं ऐकूनच शंका आली. जखम धुवायला वापरतात ते हायड्रोजन पेरॉक्साइड कुठल्याही मातीवर ओता, असाच फेसाळतो. आणि तो जिवाणूंना पोसत नाही, मारतो. सरांना विचारून तिने कॉलेजच्या लॅबमध्ये बाटलीतलं थेंबभर औषध जिवाणू वाढवायच्या प्लेटवर लावून पाहिलं. काहीही वाढलं नाही. इकडे मी लेबलचा कोपरा नखाने उचकटला, तर खाली फरशी पुसायच्या लिक्विडचं लेबल. पार लिंबाच्या चित्रासकट.

जैविक खतं २००६ पासून खत नियंत्रण आदेशाखाली येतात. बाटलीवर जिवाणूचं नाव, बॅच नंबर, उत्पादनाची आणि मुदत संपण्याची तारीख, उत्पादकाचा पत्ता बघा. द्रवरूप खतात मिलिलिटरला निदान दहा कोटी जिवंत पेशी लागतात. आमच्या बाटलीवर होतं एक हिरवं पान आणि 'जर्मन टेक्नॉलॉजी'. शिवाय सगळा माल खिडकीच्या उन्हात. खरे जिवाणू असते तरी तिथेच मेले असते!

विक्रेत्याचा फोन बंद. हॉलवाले म्हणतात, आम्ही फक्त जागा देतो. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार केलीय. एक बाटली सीलबंद होती, ती घेऊन दादा कृषी खात्याच्या गुणनियंत्रण निरीक्षकाकडे गेलाय. त्याच स्टॉलवरून कुणी घेतली असेल तर उघडू नका, आणि टिपऱ्यांना तर अजिबात लावू नका.