मुंबईतली खोली, फौजी मालक आणि आमचे ४७,४९९ रुपये

ज्यांची मुलं नोकरीसाठी मुंबईला निघाली आहेत आणि जे गावात बसून मोबाईलवर खोली शोधताहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. जून २०२५ मध्ये खोलीच्या खोट्या जाहिरातीत आमचे ४७,४९९ रुपये गेले. गेटपासचे १,९९९, टोकनचे १६,०००, अर्ध्या डिपॉझिटचे २५,००० आणि ॲग्रीमेंटचे ४,५००. रक्कम मुद्दाम फोडून सांगते, कारण हे लोक एकदम कधीच मागत नाहीत. पहिला आकडा असा ठेवतात की त्यासाठी माणूस वाद घालत बसत नाही.

मी पतपेढीत काम करते. "तुम्ही पतपेढीत असून फसलात?" असं तोंडावर विचारणारे भेटले, म्हणून आधीच सांगून टाकते. ओटीपी कुणाला देऊ नका, पैसे यायला पिन लागत नाही, हे मी काउंटरवर सभासदांना रोज सांगते. इथे कुणी ओटीपी मागितला नाही, कसली लिंक पाठवली नाही. घराचे पैसे घरमालकाला देतो आहोत, याच समजुतीने मी पिन टाकला. अशा फसवणुकीपासून सावध करणारी पाटी आमच्या पतपेढीत तरी नाही, आणि कुठल्या बँकेतही मी पाहिलेली नाही.

मुंबईत आमचं कुणीच नाही असं नाही. लालबागला गावच्या मंडळाची खोली आहे. माझे सासरे गिरणीत होते तेव्हा तिथेच राहिले, ट्रंक भिंतीला आणि वळकटी रात्री पसरायची. पण ती खोली पुरुषांची. मुलीला तिथे कशी ठेवणार? दीर नालासोपाऱ्याला, दोन खोल्यांत पाच माणसं. लेकीला अंधेरीच्या एका लॅबमध्ये नोकरी लागली, सकाळी सातची पाळी. नालासोपाऱ्याहून ती किती वाजता निघणार, तेही सांगा. मग जवळपास एक खोली बघायची ठरली. गावातून चाकरमानी होऊन जाणाऱ्या मुलींची सोय कुठल्याच मंडळाने कधी केली नाही, हे मला या निमित्ताने बोलायचंच आहे.

मुलं आता सगळं फोनवरच बघतात. लोकलची वेळ एम-इंडिकेटरवर, बेस्टची बस चलोवर, तिकीट रेल्वेच्या ॲपवर. ही सगळी ॲप्स खरी आहेत, रोज उपयोगी पडतात. त्यामुळे त्याच फोनवर दिसलेली खोलीही खरीच वाटते. पण रेल्वेचं वेळापत्रक रेल्वे ठरवते. खोलीची जाहिरात कुणीही टाकतो, आणि टाकणाऱ्याचं ते घर आहे का, हे तपासायला ती साइट बांधील नाही. "थेट मालकाकडून, दलाली नाही" असं वर लिहिलेलं होतं. मुंबईत दलाल एका महिन्याचं भाडं घेतो, म्हणजे आमचे सोळा हजार वाचणार होते. लोभ म्हणा हवं तर. मी काटकसर म्हणेन. भाडं १६,०००, डिपॉझिट ५०,०००. त्या भागात इतर जाहिराती अठरा-वीसच्या होत्या. म्हणजे हा भाव फुकटासारखाही नव्हता. अगदीच स्वस्त असता तर मीच शंका घेतली असती.

मालक म्हणे विमानतळावरच्या सुरक्षा दलात, बदली जम्मूला. फोन उचलला की "जय हिंद मॅडम". आधार कार्ड, गणवेशातलं ओळखपत्र, विजेचं बिल, सगळं न मागता पाठवलं. न मागता कागद पाठवणारा मालक दिसला की तिथेच थांबा. खरा मालक तुमचे कागद मागतो. आणि ते कार्डही दुसऱ्याच कुणा फसलेल्या माणसाचं असू शकतं.

खोली बघायला दीर जातील म्हटलं, तर तो म्हणाला, सोसायटीत नवीन माणसाला ऑनलाइन गेटपास लागतो, १,९९९ भरा, पहिल्या भाड्यात वळते करतो. भरले. मग म्हणाला, चावी ज्या शेजाऱ्याकडे आहे तो बाहेरगावी गेलाय, तोवर व्हिडिओ पाहा. मी व्हिडिओ कॉल मागितला होता. पण आमच्या वाडीत रेंज म्हणजे सड्यावर चढलं तर दोन काड्या, त्यात पाऊस लागलेला. कॉल दोनदा तुटला, आणि "नेटवर्क तुमचं खराब आहे मॅडम" म्हणत त्याने तयार व्हिडिओ पाठवला. त्याच्या पथ्यावरच पडलं ते.

आता जे सांगते ते आठवलं की अजून झोप लागत नाही. टोकनसाठी त्याने क्यूआर कोड पाठवला. स्कॅन केल्यावर पिन टाकायच्या आधी ज्याच्या खात्यात पैसे जाणार त्याचं नाव पडद्यावर येतं. ते नाव एका बाईचं होतं. आधार कार्डावरच्या माणसाचं नाव वेगळं, आडनाव वेगळं. चेकवरच्या नावात एक वेलांटी इकडची तिकडे झाली तर चेक परत करणारी बाई मी. ते नाव मी वाचलं. मोठ्याने वाचलं, शेजारी लेक बसली होती. आणि मी त्याला विचारलंही, हे कुणाचं खातं? त्याने श्वासही न घेता सांगितलं, "मॅडम, आमच्या युनिटच्या अकाउंटंटचं. ड्युटीवर असताना आम्हाला स्वतःचं खातं वापरता येत नाही." मी विचारलं नाही असं कुणी म्हणू नये. विचारलं, आणि उत्तर मिळालं. फौजेतल्या माणसाला खोटारडा कसं म्हणायचं, हेच आड आलं, आणि तो गणवेश त्याने त्याच कामासाठी घातला होता. नाव जुळलं नाही तर पैसे पाठवू नका. समोरून कितीही चांगलं कारण येऊ द्या, तरी नाही.

पुढचं भराभर झालं. दुसरं गिऱ्हाईक आलंय म्हणून २५,०००. ॲग्रीमेंट नोंदवायचंय म्हणून ४,५००. हे साडेचार हजार मला सगळ्यात जास्त झोंबतात, कारण खरा खर्च किती येतो ते नोंदणी विभागाच्या साइटवर उघड लिहिलेलं असतं. मुद्रांक शुल्क पाव टक्का, महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. अकरा महिन्यांचा हिशेब नंतर मी स्वतः करून पाहिला, सरकारी खर्च दोन हजारांच्या आत बसतो. आणि तो पैसा सरकारच्या ग्रास या ऑनलाइन भरणा पोर्टलवरच्या चलनातून जातो, कुणा बाईच्या खात्यात नाही. भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, असं महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चं कलम ५५ म्हणतं, आणि तो नोंदवून घेण्याची जबाबदारी मालकावर आहे. त्याच विभागाच्या ई-सर्चवर मिळकतीचे नोंदलेले दस्त शोधता येतात. खोली कुणाच्या नावावर आहे ते आधी तिथे बघा.

मग तो म्हणाला, २५,००० ची एंट्री जुळत नाही, परत तेवढेच पाठवा, दोन्ही मिळून उलटे येतील. तिथे मी थांबले आणि दिरांना फोन केला. भाऊजी त्याच संध्याकाळी पत्त्यावर गेले. इमारत खरी होती, सात मजल्यांची. आमच्या फ्लॅटचा नंबर ११०४. वॉचमन म्हणाला, असे बरेच जण येतात. बरेच जण येतात, मग फाटकावर एक कागद का नाही लावत?

त्या रात्री लेकीने तो व्हिडिओ पुन्हा थांबवून थांबवून पाहिला. लिफ्टशेजारच्या सूचनेवरची अक्षरं कानडी होती.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावला. लागायला वेळ गेला, पण लागला आणि तक्रार नोंदली गेली. सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवरही भरली. पैसे गेल्याचं कळताच आधी हेच करा, नातेवाईकांना नंतर सांगा, कारण पैसा एका खात्यातून दुसऱ्यात आणि तिथून एटीएमबाहेर जायला वेळ लागत नाही. त्याच पोर्टलवर संशयिताचा फोन नंबर, यूपीआय आयडी आधीच तपासून बघता येतो. ही सोय मला पैसे गेल्यावर कळली.

पोलीस ठाण्यातलं काय सांगू. आमच्या तालुक्याच्या ठिकाणी म्हणाले, सायबरचं काम जिल्ह्याला. जिल्ह्याला म्हणाले, घर मुंबईतलं, मुंबईला जा. भाऊजी मुंबईत गेले तर तिथे म्हणाले, पैसे गावातून गेले, गावातच तक्रार द्या. पावसात एसटीने जायचं, पतपेढीतून रजा काढायची, बाकावर बसायचं, आणि शेवटी "साहेब बंदोबस्ताला गेलेत". माहिती तंत्रज्ञान कायद्याचा तपास निरीक्षकाच्या खालच्या अधिकाऱ्याला करता येत नाही, हे मला आता पाठ आहे. पण तक्रार लिहून घ्यायला कुणाची हरकत होती? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ सांगतं की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, माहिती कुठल्याही ठाण्यात देता येते. मी हे कलम कागदावर लिहून नेलं. तिथल्या माणसाने कागद बाजूला सरकवला आणि विचारलं, "शिकलेल्या दिसता, मग पैसे पाठवलेच कशाला?" चोराला कुणी काही विचारलं नाही. माझी मात्र उलटतपासणी झाली, लेकीसमोर. वय झालेली, एकटी राहणारी बाई असती तर ती तिथूनच घरी गेली असती, आणि त्यांना तेच हवं असतं.

बँकेचं वेगळंच. कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं तर ग्राहकावर बोजा नाही, असं रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक आहे ना, म्हटलं. तर म्हणाले, ते तुमच्या परवानगीशिवाय गेलेल्या पैशांसाठी, पिन तुम्ही स्वतः टाकलात. आणि त्या बाईच्या नावाने खातं उघडताना कागद कुणी तपासले होते? यावर उत्तर नाही. त्या खात्यात ६,२१२ रुपये गोठवलेले आहेत. ते मिळवायला कोर्टाचा आदेश आणा म्हणाले. वकिलाची फी किती होईल, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

लेक सध्या जोगेश्वरीत एका बाईंकडे पेइंग गेस्ट आहे, ९,५०० रुपये. जाऊबाईंनी स्वतः जाऊन खोली पाहिली, नळ सोडून पाहिला, मग बाईंच्या नावाचा चेक दिला.

तीच जाहिरात पुन्हा लागली आहे. तेच फोटो, तोच निळा पडदा, आता मालाडचा पत्ता आणि भाडं १७,०००. मी साइटला कळवलं, सरकारच्या संचार साथी पोर्टलवर संशयित फोन कळवायची 'चक्षू' नावाची सोय आहे, तिथे नंबर टाकला. हे लिहीपर्यंत जाहिरात दिसते आहे. व्हिडिओत लिफ्टशेजारी कानडी सूचना दिसली तर ते घर मुंबईतलं नाही.