जपानच्या लिलावातून माझदा रोडस्टर: शीट, एजंट अन् गाडी, तिन्हीचा रिव्ह्यू

गाडी माझ्या नावावर नाही हे आधीच सांगतो, भाच्याच्या नावावर आहे. तो नागोयाला नोकरीला, मी नागपुरात प्रतापनगरला, पण शोधाशोध, शीट म्हणजे लिलावातल्या गाडीच्या तपासणीचा कागद वाचणं, "ही नको बे, ती दुसरी पाह्य" हे सगळं व्हिडिओ कॉलवर मी केलं अन् नंतर तिकडं जाऊन चालवून पण आलो, म्हणून रिव्ह्यू लिहायचा हक्क माझा. गाडी म्हणजे माझदा रोडस्टर, बाहेरच्या देशात जिला एमएक्स-5 नाहीतर मियाटा म्हणतात ती, 2001 ची, 1.8 लिटर, आरएस मॉडेल, सहा गिअरची मॅन्युअल, वर कापडी छप्पर, आत दोन सीटा, विषय संपला. ताईनं म्हणजे त्याच्या आईनं फोटो पाहिल्या पाहिल्या विचारलं, "दोनच सीटा? आम्ही आलो तं बसाचं कुठं?" यावर भाचा अजून गप्पच आहे.

आता हीच का. पोट्ट्याला आधी होंडा एस2000 पाहिजे होती, 1999 ते 2009 पर्यंत बनली, इंजिन नऊ हजार आरपीएमपर्यंत जातं अन् आता तिचे भावही तसेच गेलेत, म्हटलं विसर. मग त्यांच्या त्या छोट्या केई गाड्या पाहिल्या, होंडा बीट, सुझुकी कॅपुचिनो, दायहात्सु कोपेन, सगळ्या 660 सीसीच्या आत अन् 64 पीएसच्या (पीएस म्हणजे जवळपास हॉर्सपॉवरच), टॅक्स कमी, दिसायला एकदम गोड, पण हा सहा फुटाच्या आसपास, बीटमधे बसून पाहिलं तर गुडघे थेट स्टिअरिंगला. टोयोटाची एमआर-एस आवडली पण इंजिन सीटच्या मागं असल्यानं सामानाला जागाच नाही. राहिली रोडस्टर. तिची पहिली पिढी 1989 ची, जपानमधे तेव्हा युनोस रोडस्टर नावानं विकायचे, वर उघडणारे हेडलाईट, अन् त्या हेडलाईटसाठी जगभरचे लोक वेडे असल्यामुळं चांगली गाडी आता स्वस्तात भेटत नाही. दुसरी पिढी 1998 ते 2005 ची, हौशी लोक तिला एनबी म्हणतात, हिचे हेडलाईट साधे, त्यामुळं नाकं मुरडणारे भरपूर अन् आपल्यासारख्याचा फायदा. बाकी मसाला तोच आहे, इंजिन पुढं, ताकद मागच्या चाकांना, चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन, वरून मागची प्लॅस्टिकची खिडकी जाऊन खरी काच आली.

जपानमधे लिलावाला तुम्ही-आम्ही उठून जाऊ शकत नाही, मेंबर फक्त धंदेवाले. सगळ्यात मोठं नाव यूएसएस, त्यांचं टोकियोवालं सेंटर चिबा प्रांतात नोदाला आहे, नागोयाजवळ पण आहे. एजंट धरावा लागतो, तो लॉगिन देतो, येणाऱ्या लिलावातल्या गाड्या आपण पाहायच्या, जास्तीत जास्त किती येन देणार तो आकडा सांगायचा अन् बोली तो लावतो. लिलाव म्हटलं की मला कळमन्यातला संत्र्याचा लिलाव आठवतो, गर्दी, ओरडाआरडा, एकमेकांच्या तोंडाकडं पाहणं. इथं तसलं काही नाही, खुर्च्या, स्क्रीन, बटण, एका गाडीचा निकाल अर्ध्या मिनिटाच्या आत. घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढं, तिकडं अकरा वाजले की इकडं साडेसात, म्हणजे मी तर्री-पोह्याची प्लेट हातात घेऊन मोबाईलकडं पाहून राहिलो अन् पोहे संपायच्या आत दोन गाड्या हातून गेलेल्या.

खरा माल म्हणजे ती शीट. एक पानाचा कागद, कोपऱ्यात गाडीचं वरून काढलेलं चित्र अन् त्याच्यावर हातानं लिहिलेली अक्षरं. A म्हणजे ओरखडा, U म्हणजे पोचा, W म्हणजे डेंटिंग-पेंटिंग केलेलं अन् तिरपं पाहिलं की लाट दिसते, S म्हणजे गंज, C म्हणजे गंज आणखी आत गेलेला, XX म्हणजे तो पत्राच बदललेला. पुढचा आकडा जेवढा मोठा तेवढं प्रकरण मोठं. वर्ष जपानी पद्धतीनं, हेसेई 13 म्हणजे 2001. वर एक ग्रेड, 5, 4.5, 4, 3.5 अशी उतरत जाते, अपघातात मार खाऊन सांगाड्याचं काम झालेल्या गाडीला R. आतल्या सफाईला वेगळं अक्षर. मीटर मागं फिरवलेला असला किंवा खात्री नसली तर तेही लिहून मोकळे होतात, शिवाय तिकडच्या फिटनेसच्या कागदावर मागच्या तपासणीचे किलोमीटर छापलेले असतात. आपल्याकडं दहा वर्षं टॅक्सीत चाललेली गाडी "डॉक्टर की है, घर से हॉस्पिटल" म्हणून पन्नास हजार किलोमीटरवर खपवतात, त्यापुढं हे पाहून मला तर भरूनच आलं.

पण माझं म्हणणं असं आहे की या गाडीत ग्रेड पाहून पैसे टाकू नका. आमच्यासमोर एकाच आठवड्यात दोन गाड्या होत्या. एक 4.5 ग्रेडची, पन्नास हजार किलोमीटरच्या आत चाललेली, पांढरी शुभ्र, चित्रावर जेमतेम दोन-तीन A1. एजंट म्हणे हीच घ्या. दुसरी 3.5 ग्रेडची, 94 हजार चाललेली, दारावर U1, मागच्या फेंडरवर W2, पुढच्या बंपरवर ओरखडेच ओरखडे. आता पहिलीच्या शीटवर खाली रिमार्कमधे एक ओळ होती, गाडीच्या खालच्या बाजूला गंज, बस एवढंच. रजिस्ट्रेशन उत्तरेकडचं, बर्फाच्या भागातलं, तिथं हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात अन् ते मीठ गाडीचं पोट खातं. वरून चमचम आहे त्याला काय करता? दुसरीच्या शीटवर इन्स्पेक्टरनं रिमार्कचा रकाना भरून टाकला होता पण गंजाचं अक्षर कुठंच नाही, अन् इंजिनच्या फोटोत टायमिंग बेल्ट बदलल्याचं स्टिकर दिसत होतं, 81 हजार किलोमीटरवर बदलला. तिकडं एक लाख किलोमीटरला बेल्ट बदलायचा असतो, म्हणजे तो खर्च आधीच्या मालकानं करून ठेवलेला. भाचा म्हणे, "मामा, 3.5 आहे, पोचे आहेत." म्हटलं राजा पोचा दिसतो म्हणून तू घाबरून राहिला, जे दिसत नाही त्याला घाबर ना.

कारण या गाडीचं दुखणं ठरलेलं आहे. छपरावर पडलेलं पाणी सीटच्या मागं दोन्ही बाजूला असलेल्या छोट्या भोकांतून खाली उतरतं अन् मागच्या चाकाच्या पुढं जमिनीवर पडतं. त्या भोकात पानं, माती अडकली की पाणी दाराखालच्या पोकळ पट्टीत साचतं अन् पट्टी आतून सडते, बाहेर रंगाला फुगा येतो तोवर आत काही उरलेलं नसतं. शीट लिहिणारा काही त्या भोकात पाणी ओतून पाहत नाही, त्याला दिवसभरात कितीतरी गाड्या उरकायच्या असतात. छप्पर फाटलेलं असलं तर तो लिहितो, कारण ते दिसतं. छपराचं पाणी कुठं जातं ते तुम्ही पाहायचं.

यासाठीच मी एजंटला सांगितलं की दाराखालच्या पट्टीचे अन् पोटाचे जवळून फोटो पाठव, त्याची वेगळी फी पण भरली. आले काय, तर चारही अलॉय व्हीलचे चार सुंदर फोटो अन् एक डॅशबोर्डचा. पुन्हा सांगितलं तर म्हणे गाडी लाईनमधे उभी आहे, वाकायला जागा नाही. बरं वाकायला जागा नव्हती तर फी कायले घेतली बा? शेवटी एका बाजूचे दोन फोटो आले, अंधारे, पण पट्टीची खालची कड सरळ होती अन् रंग फुगलेला नव्हता, तेवढ्यावर आकडा दिला. बोली मात्र त्यानं व्यवस्थित लावली, आमच्या आकड्याच्या खाली साडेसात लाख येनला गाडी बसली. लिलावाची फी, एजंटचं कमिशन, ट्रान्सपोर्ट, नावावर करणं धरून नऊ लाख येनच्या घरात गेलं, म्हणजे आपल्या पाच लाख रुपयांच्या आसपास, वर्धा रोडला कोणत्याही सेकंड हँडवाल्याकडं एवढ्यात एक बरी स्विफ्ट येते.

नावावर करायच्या आधी पोलीस स्टेशनमधून दाखला आणावा लागला की गाडी उभी करायला जागा आहे. नकाशा काढून द्यावा लागतो. हा नियम उद्या धरमपेठेत लागू केला तर परवा निम्म्या गाड्या विकायला निघतील. दर दोन वर्षांनी शाकेन म्हणजे तिकडची तपासणी, त्यात वजनाचा टॅक्स अन् सक्तीचा विमा एकत्र, वरून दरवर्षीचा सीसीप्रमाणे रोड टॅक्स, अन् गाडी तेरा वर्षांच्या वर गेली की तो वाढतो, 1.8 ला वर्षाचे 45 हजार 400 येन. जुनी गाडी स्वस्तात भेटते ती काही उगाच नाही.

गाडी घरी आली तेव्हा भाच्याला सांगितलं, आधी चावी नको फिरवू, पाण्याचा पेला आण. छप्पर मागं केलं, सीटच्या मागं सीटबेल्टच्या खांबाजवळ बोट घातलं अन् हळूहळू पाणी सोडलं. उजव्या बाजूचं पाणी लगेच मागच्या चाकापुढं टपटप पडलं. डाव्या बाजूचं तिथंच तुंबून राहिलं. मग गवत कापायच्या मशीनची नायलॉनची दोरी आणून आत सारली, तारेनं नका करू, आतली नळी फाटते, दोन-तीनदा खालीवर केली तशी खालून काळा लगदा पडला, मेपलच्या पानांचा, अन् मागोमाग भसकन पाणी. डाव्या बाजूचं कार्पेट उचलून पाहिलं तर कोरडं. तेव्हा कुठं मी म्हटलं आता चावी फिरव.

चालवायला मी नोव्हेंबरात गेलो. नागपूर आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढलं, जपानमधे ते चालतं, रस्ता आपल्यासारखाच डाव्या हाताचा अन् स्टिअरिंग उजवीकडं, म्हणून डोकं फिरत नाही. वायपर अन् इंडिकेटर मात्र उलटे, पहिल्या दहा चौकात मी काच पुसून राहिलो होतो. टोयोटा शहराच्या पुढं आसुकेकडं जाणारा डोंगरातला रस्ता धरला. वजन हजार किलोच्या थोडं वर, ताकद 160 पीएस, आकड्यात काही फार नाही, आजकालच्या टर्बो एसयूव्हीवाला सिग्नलवरून सहज पुढं निघून जाईल, जाऊ द्या त्याला. वळणावर मजा आहे. स्टिअरिंग इतकं सरळ बोलतं की रस्त्यावर ओली पानं आली ते हाताला कळतं, गिअर बदलायला फक्त मनगट हलवायचं, तिसऱ्यातून दुसऱ्यात टाकताना खट असा छोटा आवाज येतो अन् तो आवाज ऐकायला मी विनाकारण गिअर बदलत होतो, भाचा हसत होता. बसायला एवढं खाली की शेजारचा ट्रक म्हणजे फक्त चाकं. कंपनीनं आरएसला बिल्स्टाइनचे डॅम्पर म्हणजे शॉकअब्सॉर्बर दिलेत, ते अजून कडक आहेत, शहरात रस्त्याचा प्रत्येक जोड पाठीला कळतो. छप्पर हातानं उघडायचं, काचेवरचे दोन खटके सोडायचे अन् बसल्या बसल्या मागं ढकलायचं, मोटर नाही, सेन्सर नाही, बिघडायला काही नाहीच. बाहेर आठ-दहा डिग्री, छप्पर उघडं, पायाशी हीटर फुल, डोक्यावर थंड वारा. साठच्या पुढं गप्पा बंद होतात, ओरडून बोलावं लागतं, पण बोलायचं तरी काय असतं तेव्हा.

इकडं कोणाला सांगितलं की पहिला प्रश्न, "मग नागपूरले आण ना बे!" येत नाही भाऊ. बाहेरची वापरलेली गाडी भारतात आणायची तर ती बनून तीन वर्षांपेक्षा जास्त झालेली चालत नाही, उतरवायची फक्त मुंबई बंदरावर, अन् गाडीच्या किमतीपेक्षा ड्युटी जास्त. म्हणजे 2001 ची रोडस्टर कितीही पैसे असले तरी फुटाळ्यावर दिसणार नाही. अन् माझदानं भारतात कारचं दुकान कधी मांडलंच नाही, तर पार्ट कुठून आणाल? शिवाय आपला मे महिना, 45-46 डिग्रीत कापडी छपराखाली बसून पाहा एकदा, उघडं छप्पर तर सोडाच. डिसेंबर-जानेवारीत सेमिनरी हिल्सला सकाळी सहाला मजा आली असती हे खरं, पण आपले स्पीडब्रेकर पाहता तिचं पोट पहिल्याच गल्लीत घासलं असतं.

मार्क द्यायचे तर शीटला पाचपैकी चार, जेवढं दिसतं तेवढं खरं लिहितात. एजंटला अडीच, बोलीसाठी दोन अन् अर्धा शेवटच्या दोन अंधाऱ्या फोटोंचा, पुढच्या वेळी दुसरा पाहू. गाडीला साडेचार. अर्धा कापला तो डिकीसाठी, बॅटरी पण तिथंच बसवलेली, उरलेल्या जागेत दोन मऊ बॅगा जातात, मोठी सुटकेस जातच नाही. मला घ्यायला भाचा विमानतळावर हीच गाडी घेऊन आला, म्हणून ताईनं दिलेले पापड, सांडगे अन् लोणच्याची सुटकेस तिथल्या काउंटरवरून कुरिअरनं घरी पाठवावी लागली, दुसऱ्या दिवशी आली, लोणचं सांडलं नव्हतं.