केदारकंठाला निघालो आणि देहरादून स्टेशनवरून परत आलो

बर्फातल्या ट्रेकच्या नावाखाली आम्हा नऊ जणांचे मिळून १,०३,५०० रुपये गेले. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण शेवटी सगळे तेच विचारतात. विचारताना ओठाच्या कोपऱ्यात जे हसू येतं, तेही आता मला पाठ झालंय.

मी काही दुधखुळा नाही. वय ५३, तीस वर्षं दुकान चालवतोय. उधारी बुडवणारं गिऱ्हाईक पायरी चढायच्या आत ओळखतो. तरी फसलो.

आम्ही कंबर तलावावर सकाळी फिरणारी मंडळी. सोलापूरच्या माणसाला बर्फ म्हणजे रसवंतीतला, त्यामुळे डिसेंबरात केदारकंठा करायचा म्हटल्यावर सगळे पोरांसारखे हरखले. उत्तरकाशी जिल्ह्यातलं सांक्री गाव, तिथून चढत साडेबारा हजार फुटांवरचं शिखर, वाटेत गोठलेला जुडा तलाव. व्हिडिओ पाहून पाहून वाट आम्हाला घरबसल्या पाठ झाली होती. संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेच्या आत परत यायचं, हेही ठरलं.

ट्रेकला नेणाऱ्याचा नंबर एका ओळखीच्याच्या ओळखीच्याकडून आला. माणूस मराठी बोलायचा, मूळचा बार्शीचा म्हणायचा. पहिल्याच फोनवर त्याने विचारलं, "काय मालक, नळाला पाणी अजून पाच दिवसांआडच का ओ?" संपलं. या एका वाक्यावर मी त्याला आपला मानला. पाण्याचं रडगाणं कुणीही पेपरात वाचू शकतो, हे आत्ता कळतंय.

माणशी ११,५०० ठरले. १४ नोव्हेंबरला आगाऊ ३,००० प्रमाणे २७,००० द्यायचे होते. सगळ्यांचे माझ्याकडे जमा झाले होते, मीच पाठवणार होतो. क्यूआर स्कॅन केला आणि पडद्यावर नाव आलं ते कुठल्याशा मोबाइल दुकानाचं. ट्रेकच्या कंपनीचं नाही, त्या माणसाचंही नाही. माझा अंगठा थांबला होता, शपथेवर सांगतो. मी फोन लावला, "ओ, हे नाव वेगळंच दिसतंय की." आणि तो तोंड उघडायच्या आत मीच पुढे म्हणालो, "अकाउंटंटचं असेल ना?" तो म्हणाला, "हां, त्याचंच." खोटं त्याला बोलावंच लागलं नाही, मीच रचून हातात दिलं! रात्री झोप लागत नाही ती या तीन शब्दांमुळे. पिन टाकण्याआधी दिसणारं नाव वाचा. जुळत नसेल तर पाठवू नका, समोरचा देवळातला पुजारी असला तरी.

२८ नोव्हेंबरला ७,००० प्रमाणे ६३,००० गेले. ९ डिसेंबरला परमिट, विमा आणि बुटाला लावायचे स्पाइक्स म्हणून १,५०० प्रमाणे १३,५००. पावती मागितली तर रंगीत पोस्टर आलं, त्यावर 'बर्फाची १०० टक्के हमी'. बर्फाची हमी इंद्रसुद्धा देणार नाही.

आणखी एक. आमच्यात दोघांना शुगर, एकाला बीपी. त्याने एकाचंही वय विचारलं नाही, डॉक्टरचा दाखला मागितला नाही. आम्हाला वाटलं, किती मोकळा माणूस! खरे ट्रेकवाले फॉर्म भरून घेऊन जीव नको करतात, असं नंतर कळलं. ज्याला तुम्हाला वर न्यायचंच नाही, तो तुमचं बीपी कशाला विचारेल?

कर्नाटक एक्सप्रेसने दिल्ली, तिथून रात्रीच्या बसने देहरादून. १९ डिसेंबरला पहाटे साडेपाचला स्टेशनबाहेर उभे. साडेसहाला गाडी येणार होती. सांक्री तिथून दोनशे किलोमीटर, दिवसभराचा घाट, म्हणून सगळ्यांच्याच गाड्या पहाटे सुटतात. आमच्या डोळ्यांदेखत एकेक गाडी पोरांना भरून निघून गेली. सात वाजता फोन लागला, 'टायर पंक्चर' म्हणाला. आठपासून बंद. अकरापर्यंत आम्ही नऊ जण नव्या कोऱ्या जाकिटांत, कडक भाकरी आणि शेंगाचटणी चावत फुटपाथवर. शेवटी एका ड्रायव्हरला दया आली. "साहब, इस नाम की गाडी यहाँ कभी आयी ही नहीं." त्याच्याच गाडीने वर जाऊ, असं एक जण म्हणाला, पण तोवर कुणाचं मनच उरलं नव्हतं. हरिद्वारला गंगेत बुडी मारली आणि परत.

आता साहेब लोकांचं ऐका. तिथल्या चौकीत म्हणाले, पैसे सोलापुरातून गेले, तिकडे जा. इथल्या ठाण्यात म्हणाले, फसवणूक देहरादूनला झाली, तिकडे द्यायची होती. म्हणजे दोन्ही गावांच्या मधे कुठेतरी रेल्वे रुळावर गुन्हा झाला असावा! एकाने तर चहा ढवळत विचारलं, "या वयात बर्फात कशाला जायचं, काका?" बँकेत उत्तर मिळालं, पिन तुम्हीच टाकलाय. चार चकरा मारल्या, चार वेगवेगळ्या टेबलांवर तीच कहाणी पहिल्यापासून सांगितली, दर वेळी झेरॉक्सचे पैसे वेगळे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, ठाण्याने तक्रार नोंदवायची असते. पुतण्याने ते छापून दिलं, मी ठाण्यातल्या टेबलावर ठेवलं, त्यावर त्यांनी चहाचा कप ठेवला.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा तर लगेच करा. पैसे त्या खात्यात असेपर्यंतच अडवता येतात. आम्ही केला तोवर शेवटच्या रकमेलाही दहा दिवस झाले होते. ग्राहक आयोगात आपल्याच जिल्ह्यात दावा लावता येतो, पाच लाखांपर्यंत फी नाही. पण समोरच्याचा पत्ता लागतो. माझ्याकडे त्याचा एक फोटो आहे, गॉगल लावलेला.

पैसे माझ्या हातून गेले, म्हणून मी एफडी मोडली. आठांपैकी सात जणांना प्रत्येकी ११,५०० परत केले. मास्तरांनी घेतले नाहीत, उलट मलाच चहा पाजला. एकाने जाकिटाचे २,८०० वेगळे मागितले. दिले. तेच जाकीट घालून तो रोज तलावावर येतो.